नॉर्वेत वड कुठला?

अमळनेरहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘उत्तर ध्रुवाकडच्या देशांत वटवाघुळं हिवाळा कसा काढतात, या संशोधनावर कॉलेजात बोलायचं आहे. हायबरनेशनला शीतनिद्रा म्हणू की शीतसमाधी?’

ताई, आधी ते ‘वटवाघुळं’ दुरुस्त करा. लाकूड-लाकडं, पाऊल-पावलं, तसं वाघूळ-वाघळं. ‘लाकुडं फोडली’ म्हणता का कधी? करोनाच्या काळात रोज संध्याकाळी टीव्हीवर ‘वटवाघुळांमुळे’ ऐकून कान किटले होते, ते अजून बरे झालेले नाहीत.

आता शीतनिद्रा. शब्द रुळला आहे, वापरा; पण ती झोप नव्हे, हे भाषणात सांगा. गुहेत गारठा जेवढा, जवळजवळ तेवढंच त्या जिवाचं अंग गार पडतं. एरवी मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके दहा-वीसवर येतात. मधूनच, बऱ्याचदा दोनेक आठवड्यांनी, अंग पुन्हा तापवून ते जागं होतं आणि हिवाळ्यासाठी साठवलेली बहुतेक चरबी या जागं होण्यातच जळते. २००६ साली न्यूयॉर्क राज्यात नाकावर पांढरी बुरशी धरणारा रोग दिसला. त्याने अमेरिकेत लाखो वाघळं मेली ती यामुळेच. बुरशी त्यांना पुन्हा पुन्हा उठवते आणि वसंत यायच्या आत चरबी संपते. आणि समाधी? आपण चांगदेव-मुक्ताईच्या मुलखातले. समाधीतून कुणी पंधरवड्याने पाणी प्यायला उठत नाही.

खरी गंमत ‘वाघूळ’मध्ये आहे. आमचे एक निवृत्त मास्तर छातीठोकपणे सांगतात, ‘वडावरचा वाघ तो वटवाघूळ.’ मास्तर, उलटं टांगून फळं चोखणारा वाघ तुम्ही पाहिलात कुठे? वट म्हणजे वड, इथवर ठीक. पुढे वाघ नाही, गूळ आहे.

मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात ६४वा श्लोक काढा. कशाच्या चोरीला पुढचा जन्म कोणता, याची यादी आहे. शेवटचा चरण: ‘गोधा गां वाग्गुदो गुडम्’. गाय चोरणारा घोरपड होतो, गूळ चोरणारा वाग्गुद. वाग्गुद म्हणजे आपलं वाघूळ! शिक्षा कशी नेमली आहे पाहा: गोधा-गां, वाग्गुद-गुडम्. इथे न्याय कानाने केला आहे. गुन्ह्याशी यमक जुळेल तो जन्म.

पंडित ‘वल्गुली’कडे बोट दाखवतील. संस्कृतात तोही शब्द आहे, वाघळालाच लावतात, आणि ‘ळ’ची सोय तिथे आयतीच होते. ‘वाग्गुद’च्या ‘द’चा ‘ळ’ कसा झाला, असं ते मला विचारणार. शेजारी ‘गुडम्’ बसला आहे ना! गुडाचा गूळ झाला, तसा त्याच्या शेजाऱ्याचाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. एवढ्यावर हसायचं असेल त्यांनी हसावं. वल्गुलीच्या सोयीत एवढी गोडी नाही. आमच्या खान्देशात तर दोन्ही शब्दांना एकच गती. डोळ्याचा डोया होतो तसा गुळाचा गूय आणि वाघळाचं वाघूय. आजी गुळाची ढेप फडक्यात घट्ट बांधायची आणि म्हणायची, वाघूय येईल. तिने मनू वाचला नव्हता. नदीकाठच्या वडाखाली सकाळी चोखून टाकलेल्या चोथ्याच्या गोळ्या पडलेल्या असत, त्या तिने पाहिल्या होत्या. (वाघूर हा शब्द यात ओढू नका. मेंढ्यांभोवती लावतात ते जाळं म्हणजे वाघूर. ते ‘वागुरा’वरून आलं.)

म्हणूनच तुमच्या भाषणात मला ‘वटवाघूळ’ खटकतं. नॉर्वेत वड कुठला? उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे पिल्लं घालणारी जी जात तिथे आहे, ती जेमतेम दहा ग्रॅमची, किडे खाणारी. उन्हाळ्यात तिकडे धड अंधारच होत नाही, म्हणून संधिप्रकाशातच शिकार उरकते. सैबेरियात अशाच एका चिमुकल्या जातीचा नर पायात कडी अडकवल्यापासून ४१ वर्षांनी जिवंत सापडला होता. यांना फळ ठाऊक नाही, वड नाही, गूळ तर नाहीच. धाब्याच्या घरात तुळईच्या फटीत शिरते आणि दिवेलागणीला चिलटांमागे भिरभिरते, तिला आपण पाकोळी म्हणतो. ही तिचीच भावंडं. पाकोळी एका पक्ष्यालाही म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पत्रं पाठवू नयेत.

तेव्हा शीर्षक ‘ध्रुवाकडच्या पाकोळ्या’ ठेवा. परीक्षकांनी हटकलं तर तो चरण म्हणून दाखवा, आणि ‘गुडम्’ म्हणताना जरा थांबा.