आधी रंग पुसा

प्रश्न : मी सातवीच्या मुलांचा मूकाभिनय स्नेहसंमेलनासाठी बसवते आहे. चेहरे पांढरे रंगवले, पण मुलं नुसती तोंडं वेडीवाकडी करतात. हवेतली काल्पनिक भिंत भिंत वाटत नाही. पडण्याच्या प्रसंगाला कुणी हसत नाही, वर लागेल याचीच धास्ती. काय करू?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, आधी रंग पुसून टाका आणि तालमीत मुलांच्या तोंडावर पातळ, श्वास घेता येईल अशी ओढणी टाका. पॅरिसला नाट्यदिग्दर्शक जाक कोपो यांच्या नाट्यशाळेत १९२० च्या दशकात असाच चेहरा झाकून सराव व्हायचा. पुढे मूकाभिनयाचे गुरू झालेले एत्येन दक्रू तिथे शिकले, आणि जगप्रसिद्ध मूकाभिनेते मार्सेल मार्सो हे दक्रूंचे शिष्य. तोंड झाकलं की मुलाला पाठ, मान, गुडघे वापरावेच लागतात.

भिंतीचं गुपित हातात नाही, मनगटात आहे. हात जाताना बोटं सैल हवीत. भिंत लागली की तळवा एकदम सपाट आणि ताठ. मग तो तिथेच खिळवायचा आणि शरीर सरकवायचं. मुलं नेमकं उलटं करतात, अंगाबरोबर हात ओढतात, म्हणून तो हवेत फिरल्यासारखा दिसतो.

मी मात्र भिंतीआधी बादली देतो. खरीखुरी, पाण्याने भरलेली. मुलाला ती उचलून वर्गभर चालायला लावा, बाकीच्यांनी बघायचं. कमर दुसऱ्या बाजूला झुकते, मोकळा हात आपोआप बाहेर जातो, पावलं आखूड पडतात. मग बादली काढून घ्या आणि तेच करायला सांगा. माझ्याकडे एक अगदी लाजरा मुलगा होता. रिकाम्या हाताने चालता चालता तो थांबला, बादली खाली ठेवली, हात बदलला आणि तळव्यावर उमटलेला कडीचा वळ चोळला. मी हे शिकवलं नव्हतं. अंगावर काटा आला माझ्या.

पडायचं ते गादीवरच. हनुवटी छातीकडे, श्वास सोडत, गुडघे वाकवून आधी खाली बसायचं, मग एका कुल्ल्याच्या मांसल भागावर लवंडायचं. तळहात टेकायचे नाहीत, मनगट जातं. आणि हसू पडण्याला येत नाही, पडल्यावर ‘काही झालंच नाही’ म्हणून शर्ट नीट करणाऱ्याला येतं. पडणं आणि शर्ट नीट करणं यांमधली दोन क्षणांची स्तब्धता मुलांना घाईने गाळू देऊ नका.

पडणं अंगात मुरायला वेळ लागतो. संमेलन जवळ आलं असेल तर यंदा ते वगळा आणि सगळा प्रसंग बादलीवरच बसवा.