‘वायरिंग नवीन आहे’ म्हणजे नळीत नक्की कुठपर्यंत?

तुम्ही लिहिलंय की बंद पडलेल्या कारखान्यातल्या दिव्यांच्या एनॅमलच्या पाच शेड मिळाल्या आहेत, बाहेरून हिरव्या, आतून पांढऱ्या. विकणाऱ्याने वायरिंग नवीन करून दिलंय, पाचही लागतात, आता जेवणाच्या टेबलावर आणि ओट्यावर टांगायच्या आहेत. प्रश्न दोनच: टवके उडालेत तिथे काय लावू आणि बल्ब कोणता घालू. दोन्हींचं सांगते, पण खाली. माझी नजर ‘पाचही लागतात’वर अडकली. सहा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणत होते.

आधीच सांगून टाकते, मी इलेक्ट्रिशियन नाही. जुने दिवे जमवायचा नाद आहे इतकंच. घरात या घडीला चौदा आहेत, नवऱ्याच्या मते तेरा जास्त आहेत. त्यामुळे पुढचं सगळं अनुभवाचे बोल म्हणून घ्या आणि प्रत्यक्ष काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. मेन बंद करणं, शिडी वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

माझी पहिली शेड तुमच्यासारखीच होती, साधारण चाळीस सेंटीमीटर व्यासाची, वर लोखंडी नळी, नळीच्या टोकाला आकडा. विकणाऱ्याने लाल कापडी वेष्टनाची झकास नवी वायर बाहेर काढून दिली होती आणि चिठ्ठीवर ‘वायरिंग नवीन’ असं ठळक लिहिलं होतं. दुकानात लावून दाखवली, लागली. ओट्यावर टांगली, चार महिने काही झालं नाही. एक गोष्ट तेवढी विचित्र वाटायची. दिवा चालू असताना शेडवरून कोरडं बोट फिरवलं की पृष्ठभाग किंचित खरखरीत लागायचा, जणू आत काहीतरी बारीक थरथरतंय. दिवा बंद केला की तीच जागा काचेसारखी गुळगुळीत. मला वाटलं, जुन्या वस्तूची गंमत! नंतर वाचनात आलं की हा प्रकार संशोधकांना चांगला माहीत आहे. एडवर्ड मॅलिंक्रोट यांनी १९५३ साली तो नोंदवला आणि त्यांनाही तो विजेच्या दिव्याच्या पितळी सॉकेटवर बोट फिरवतानाच जाणवला होता. धातूत वीज असेल आणि वर रोधक थर असेल, तर सरकणाऱ्या कोरड्या बोटाला ती अशी जाणवते. म्हणजे चार महिने ती शेड मला ओरडून सांगत होती आणि मी कौतुक करत होते.

मग एका संध्याकाळी ओल्या फडक्याने शेडची कड पुसत होते, दिवा चालूच (ही चूक माझी, कबूल), आणि दुसरा हात सिंकच्या नळावर टेकलेला. कडेला नखाएवढा टवका उडालेला होता. फडकं तिथे पोचलं आणि दोन्ही दंडांतून असा हिसका बसला की फडकं कुठे गेलं ते नंतर शोधावं लागलं. पडले नाही, भाजलं नाही, नशीब. हात मात्र रात्रभर दुखत होते.

दुसऱ्या दिवशी ज्याला बोलावलं त्याने टेस्टर काढला, शेडच्या हिरव्या भागावर तीन-चार ठिकाणी टेकवला आणि म्हणाला, “बॉडीला करंट नाहीये ताई. हात ओला असेल, स्विचला लागला असेल.” स्विच तिथून दोन मीटरवर होता! पण माणूस इतक्या खात्रीने बोलतो तेव्हा आपलाच आपल्यावरचा विश्वास उडतो. दोन दिवस मी ते खरं मानून चालले.

त्याच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी, आणि माझ्या मते जुन्या कारखानी दिव्यांबद्दल हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. हे एनॅमल म्हणजे रंग नव्हे. ती काच आहे. काचेची भुकटी पोलादी पत्र्यावर लावून साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते. काच विजेची रोधक. त्यामुळे आतला पत्रा पूर्ण जिवंत असला तरी एनॅमलवर टेकवलेला टेस्टर काही दाखवत नाही. हात लावला तरी झटका बसत नाही, जोवर तुम्ही टवक्याला, स्क्रूला किंवा उघड्या कडेला स्पर्श करत नाही तोवर. तिसऱ्या दिवशी मीच त्याला पुन्हा बोलावून टवक्यावर टेस्टर ठेवायला लावला. लख्ख पेटला.

दिवा खाली उतरवून नळी उघडली तेव्हा खरी मजा कळली. नवी लाल वायर नळीत फक्त वीतभर आत गेलेली. तिथे ती जुन्या वायरीला नुसती पीळ देऊन जोडलेली, वर काळी टेप, तिचा गोंद वाळून गेलेला, बोटाने ढकलली तर नळकांड्यासारखी निघाली. तिथून होल्डरपर्यंत सगळी मूळची रबराची वायर. वाकवली तर रबराचा चुरा झाला, वाळक्या पानासारखा. आत तार चंदेरी दिसली म्हणून मला आधी ॲल्युमिनियम वाटलं. ते तांबंच होतं, वर कल्हई केलेलं. रबर पक्कं करायला त्यात गंधक घालतात आणि गंधक तांब्याला खातं, म्हणून त्या काळी तारेला कल्हई करत. विसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास पीव्हीसीने जागा घेईपर्यंत बहुतेक वायरी रबराच्याच होत्या. कारखान्यात अशा शेडमध्ये दोनशे-तीनशे वॉटचे बल्ब तासन्‌तास जळायचे आणि उष्णता वर जायची, म्हणजे नेमकी होल्डरजवळच्या वायरीवर. जी जागा बाहेरून कधीच दिसत नाही तीच सगळ्यात भाजलेली.

आणि अर्थिंग? नव्हतंच. लाल वायर दोन तारांची होती. अर्थिंग नसेल तर एमसीबी पडायचं काही कारणच उरत नाही, कारण तो जास्त प्रवाह वाहिल्यावर पडतो आणि इथे प्रवाहाला जायला वाट नसते. वाट तयार होते तुम्ही हात लावल्यावर. त्या सर्किटला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (प्रवाह भलतीकडे गळला की पडणारा स्विच) असता तर माझ्या हिसक्यासरशी तो पडला असता. नव्हता. आता आहे.

विकणाऱ्याकडे गेले. आधी म्हणाला, वायरिंग नवीनच आहे, बघा ना लाल. मग म्हणाला, आतलं ‘ओरिजिनल’ ठेवलंय कारण गिऱ्हाइकांना ओरिजिनल हवं असतं. शेवटी पावती मागितली आणि तिच्या खालच्या कोपऱ्यातली मुंगीच्या अक्षरातली ओळ दाखवली: शोभेची वस्तू, विद्युत वापरासाठी नाही. जी वस्तू दुकानात लावून दाखवली, जिच्यावर ‘वायरिंग नवीन’ असं लिहिलं, ती विद्युत वापरासाठी नाही! पैसे परत मिळाले नाहीत. तक्रार केली, पत्रं पाठवली, ‘आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ अशी दोन उत्तरं आली, पुढे काही नाही. असो. अजून राग येतो म्हणून एवढं लिहिलं.

आता तुमचं. पाचही शेडमध्ये वरून येणाऱ्या वायरीत तारा किती आहेत ते आज मोजा. दोन असतील तर धातूच्या शेडला अर्थिंग नाही, विषय संपला, विकणारा काहीही म्हणो. तीन असल्या तरी निर्धास्त होऊ नका. अर्थिंगची तार नटाखाली एनॅमलवरच आवळलेली असेल तर ती काचेवर बसली आहे, तिचा उपयोग शून्य. तिथलं एनॅमल खरवडून उघड्या पोलादावर, दातेरी वॉशर घालून बसवावी लागते. मग कंटिन्युइटी (जोड सलग आहे का ते) बघताना मीटरचं एक टोक अर्थिंगच्या तारेला आणि दुसरं टवक्यावर किंवा उघड्या स्क्रूवर ठेवा, एनॅमलवर नको. शिवाय बल्ब काढून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासायला सांगा, एक मेगाओहमच्या खाली असेल तर मी तो दिवा लावणार नाही.

माझं स्पष्ट मत: शेड जुनी ठेवा, नळी जुनी ठेवा, आकडा, साखळी, गंजाचा डाग, सगळं ठेवा. तांब्याची तार, होल्डर आणि जोड यांतलं काहीही जुनं ठेवू नका. ‘मूळ होल्डर आहे हो’ म्हणून हळहळणारे भेटतील. काढलेला होल्डर डब्यात घालून ठेवा, त्यांना दाखवायला. नळीच्या तोंडाशी रबरी किंवा प्लास्टिकचं ग्रोमेट (धार झाकणारी कडी) हवंच, नाहीतर नळीची धारच नवी वायर कापते. आणि वजन नेहमी साखळीवर किंवा आकड्यावर, वायरीवर कधीच नाही.

होल्डरबद्दल एक. मोठ्या शेडमध्ये बऱ्याचदा ई४० मापाचा आट्यांचा होल्डर असतो, जाडजूड चाळीसेक मिलिमीटरचा. त्यात ई२७चा अडॅप्टर मिळतो, पण त्याने बल्ब खाली सरकतो आणि कडेच्या बाहेर डोकावून डोळ्यांत येतो. होल्डरच बदला. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या बटणाला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना जोडलाय ना, हेही बघून घ्या. उलटं जोडलेलं मी दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा ‘तज्ज्ञां’नी.

टवके. काही लावू नका, हा माझा सल्ला. सुटा गंज बारीक स्टील वूलने काढा, गंजरोधक लावा, वरून मेण. एनॅमल घरी दुरुस्त होत नाही, त्याला भट्टीच लागते. इपॉक्सीचे ठिगळ सुरुवातीला छान दिसतात, मग पिवळे पडतात. धुवायला कोमट पाणी आणि साबण पुरतो, शौचालयाचं ॲसिड चुकूनही नको, चकाकी जाते ती परत येत नाही. आणि सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग? माझी दुसरी शेड मी त्यातच घालवली. कारागिराने मन लावून काम केलं, सगळी काच उडवली आणि वर हिरवा रंग चढवला. तीन दुकानांत नव्या नकली शेड टांगलेल्या असतात ना, अगदी तशी दिसू लागली. (खरं एनॅमल ओळखायचं तर टवक्याची कड बघा: वरचा रंग, खाली काळपट निळसर थर, मग पोलाद. तो काळपट थर काच पत्र्याला धरून राहावी म्हणून असतो. पावडर कोटिंगमध्ये तो नसतो.) मात्र तुमची एखादी शेड एनॅमलची नसून जुन्या तेलरंगाची निघाली तर तिला कोरडा पॉलिश पेपर मारू नका, त्या रंगात शिसं असण्याची शक्यता बरीच असते.

बल्ब: २७०० केल्विनचा एलईडी, टेबलावर ८०० ल्युमेनच्या आसपास, म्हणजे जुन्या ६० वॉटएवढा. उथळ शेडमध्ये ते फॅशनेबल पारदर्शक फिलामेंट बल्ब मला सोसत नाहीत, जेवताना समोरच्याचा चेहरा दिसण्याऐवजी तार दिसते. दुधी घ्या, किंवा तळाला आरशासारखा चंदेरी लेप असलेला. शेडची कड टेबलापासून सत्तर-ऐंशी सेंटीमीटरवर. काचेच्या बंद घुमटीचे किंवा जाळीवाले दिवे पुढे घेतलेत (घ्याल, हा नाद एकावर थांबत नाही) तर बंद दिव्यासाठी चालणारा एलईडीच घ्या, नाहीतर आतल्या उष्णतेने त्याचा ड्रायव्हर (बल्बाच्या आतलं सर्किट) लवकर मरतो.

जाता जाता, विषय सोडून. कोणी जुना जील्दे दिवा देऊ केला, तो सांध्यासांध्यांचा फ्रेंच, ल्योंच्या जाँ-लुई दोमेकने १९५० मध्ये काढलेला, तर ‘यात वायर बदलायची भानगडच नाही’ असं सांगतील. सांध्यांतून वायर जात नाही हे खरं, तिथे वीज संपर्कांतूनच पुढे जाते, हीच त्याची करामत. पण ते संपर्क आणि सांध्यांमधल्या दांड्यांतल्या तारा जुन्याच असतात. उघडूनच बघा. आणि ट्यूबलाइटच्या किंवा मर्क्युरीच्या जुन्या कारखानी पेट्या चोकसकट घेऊ नका. १९७०च्या दशकापर्यंतच्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असू शकतं.

शेवटचं. तुमच्या तिसऱ्या फोटोत, डावीकडून दुसऱ्या शेडच्या मानेशी, होल्डरच्या वर वायरीवर पांढरट-राखाडी विणलेलं काहीतरी दिसतंय, कडा पिंजल्यासारख्या. सुती वेष्टन असेल तर हरकत नाही, पण जास्त उष्णतेच्या दिव्यांत त्या जागी ॲसबेस्टॉसची नळी घालत असत. जवळून, फ्लॅश लावून एक फोटो टाका. तोवर त्या विणीला हात लावू नका, फुंकर मारू नका, कोरड्या ब्रशने तर मुळीच साफ करू नका. शेड अलगद पिशवीत घालून, तोंड बांधून बाजूला ठेवा.