धानाचे पैसे दुबईला धाडू नका

प्रश्न : माझी मुलगी साकोलीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर गावच्या बातम्यांचे व्हिडिओ करते. ‘डिजिटल पत्रकारांसाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण’ म्हणून तिला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. दुबईत दहा दिवस, प्रमाणपत्र, प्रेस कार्ड. फी ८५ हजार. धानाचे पैसे हातात आहेत. भरू का?
– एक पालक, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, भरू नका. दहा दिवसांत मिळालेल्या प्रेस कार्डाला तहसीलचा शिपाईही विचारत नाही.

नावाजलेल्या कार्यक्रमांची रीत उलटी असते. निवड झाली की प्रवास, राहणं, जेवण बहुतेक ठिकाणी तेच बघतात. पण आधी काम मागतात. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या फेलोशिपला, म्हणजे पत्रकारांना अभ्यासासाठी बोलावणाऱ्या कार्यक्रमाला, किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो. अमेरिकेतली आल्फ्रेड फ्रेंडली फेलोशिप २५ ते ३५ वयाच्या पत्रकारांसाठी आहे, तिथंही ३ वर्षं काम केलेलं हवं. अमेरिकन सरकारच्या ‘इंटरनॅशनल व्हिजिटर’ कार्यक्रमाला तर अर्जच नसतो, वकिलातच नावं सुचवते. स्पष्ट सांगतो, आज तुमची मुलगी यातल्या कशातच बसत नाही. अजून चार-पाच वर्षांनी बसू शकेल.

तोवर तिनं काय करावं? तुमच्याकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पावलोपावली आहेत. त्यातला एक घ्यायला सांगा. गुगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर फुकट मिळतं. त्यात जुनी उपग्रहचित्रं वर्षवार उघडतात. तलावाच्या काठाकाठानं रेघ ओढली की क्षेत्रफळ कळतं. फक्त दरवर्षीचा एकच महिना धरायचा. एका वर्षीचा नोव्हेंबर आणि दुसऱ्या वर्षीचा मे लावला तर तलाव आटला असं खोटंच दिसेल. मग पाळीवर जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं, पाणी कुठवर यायचं, गाळ कधी काढला होता. जिल्हा परिषदेकडे १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. एवढं जुळलं की पाच मिनिटांचा व्हिडिओ होतो, आणि तो परदेशातल्या निवड समितीलाही कळतो.

शिकायला पैसे लागत नाहीत. टेक्सास विद्यापीठाच्या नाइट सेंटर या पत्रकारिता केंद्राचे बरेच ऑनलाइन कोर्स मोफत असतात. इंग्रजी मात्र टाळता येणार नाही. आपली पोरं इथंच अडतात. प्रत्येक व्हिडिओखाली चार ओळी इंग्रजीत लिहायची सवय आतापासूनच लावा, चुकल्या तरी चालतील. पदवी झाली की अमरावतीला आयआयएमसीमध्ये, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेत, मराठी पत्रकारितेची पदविका आहे, ती बघा.

आणि त्या मेसेजवाल्याला एवढंच विचारा : मागच्या वर्षी गेलेल्या दोघांची कामं दाखवता का? बहुधा फोन बंद लागेल.

पासपोर्ट मात्र काढून ठेवा. १५०० रुपये लागतील, तेवढे धानाच्या पैशातून गेले तर हरकत नाही.