अनुदान कोणाला मिळाले, हे विचारता येते का?

प्रश्न : आमच्या गावात गेल्या दोन वर्षांत ठिबक संच, रोटाव्हेटर आणि ट्रॅक्टर यांसाठी कोणाकोणाला अनुदान मिळाले, याची यादी मी माहिती अधिकारात तालुका कृषी कार्यालयाकडे मागितली. ‘ही त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती आहे, सबब देता येत नाही,’ असे एका ओळीचे उत्तर आले. पीएम किसानच्या लाभार्थ्यांची नावे तर मोबाइलवर कोणालाही दिसतात. मग हा नकार योग्य आहे का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आमच्या मते योग्य नाही. मात्र हा नकार ज्या कलमाच्या आधारे दिला जातो, ते माहिती अधिकार अधिनियमाचे कलम ८(१)(ञ) आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर विनाकारण आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येईल आणि तीही व्यापक जनहित नसेल तर, अशी पूर्वीची मर्यादा होती. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि ही मर्यादा त्या कलमातून गेली. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द लिहून अर्ज निकाली काढणे अधिकाऱ्यांना फारच सोयीचे झाले आहे.

तरीही दोन तरतुदी शाबूत आहेत. कलम ४(१)(ख)(बारा) प्रमाणे अनुदान कार्यक्रम कसा राबवला, किती रकमा वाटल्या आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कोणी न मागताच प्रसिद्ध करायचे असते. शिवाय माहिती उघड करण्यातले जनहित तिच्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर एरवी नाकारता येणारी माहितीही देता येते, असे कलम ८(२) सांगते. पीएम किसानची गावनिहाय यादी उघडी आहे, ती मेहेरबानी म्हणून नव्हे.

अर्थात नुसत्या नावांनी फार काही साधत नाही. वर्षाला ६,००० रुपये देणाऱ्या त्या योजनेत २०.४८ लाख अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये गेल्याचे केंद्रीय कृषी मंत्रालयाने माहिती अधिकारातील एका अर्जाच्या उत्तरात सांगितले. ही आकडेवारी जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते, म्हणजे निकषांनुसार आधीच बाद. यादीत नाव दिसते, पात्रता दिसत नाही. म्हणून आपण नावाबरोबर गट क्रमांक, घटक (अनुदान कशासाठी), पूर्वसंमतीचा म्हणजे खरेदीआधीच्या मंजुरीचा दिनांक, मंजूर रक्कम आणि मोका (प्रत्यक्ष जागेवरील) तपासणीचा दिनांक मागावा. एकाच गटावर दोनदा ठिबक दाखवले असेल, तर ते अशाच रकान्यांतून उघड होते.

आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल क्रमांक मात्र मागू नयेत. त्यांचा आपल्याला उपयोग नाही आणि त्यांच्यामुळे नकाराला आयते कारण मिळते. लहान शेतकऱ्याच्या खासगीपणाचा मुद्दा खोटा नाही. जर्मनीतील हेसे राज्यातून आलेल्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट प्रसिद्ध करणारे संघाचे नियम रद्द केले होते. पुढे २०१३ च्या नियमांनी नावे पुन्हा खुली झाली, पण अगदी छोटी रक्कम घेणाऱ्यांची वगळून. हा तोल आपल्याकडेही साधता येईल. ट्रॅक्टरचे अनुदान काही छोटी रक्कम नव्हे.

आता पुढचे काम. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करावे. वरील दोन्ही कलमांचा उल्लेख करून, काही भाग खरोखरच देण्याजोगा नसेल तर कलम १० नुसार तेवढा झाकून उरलेली माहिती द्यावी, अशी मागणी लिहावी. मुदत टळली असल्यास नवा अर्ज करावा. महाराष्ट्रात तो एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे गाव, वर्ष आणि रकाने एवढेच नेमके लिहावे. आणि अपिलाच्या सुनावणीत आपल्याला माहिती का हवी, हे सिद्ध करत बसू नये. कलम १९(५) नुसार नकार योग्य होता, हे दाखवण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची आहे.