पिकलेले केस, महिला मंडळ आणि पेत्राचं वचन

प्रिय ताई,

मी ५३ वर्षांची आहे. मंडळीत संडे स्कूल घेते. पाळी थांबून दीड वर्ष झालं. भांग रुंद होत चाललाय, गळ्याची कातडी सैल पडलीय, फोटो काढायचा म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकते. लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनी आमचा जुना फोटो लावला. त्यातल्या मला पाहून यजमान सगळ्यांदेखत म्हणाले, "ही कुठं गेली रे?" सगळे हसले, मीही हसले. महिला मंडळात एका ज्येष्ठ बाईंनी बजावलं की केस रंगवणं जगिक, म्हणजे ऐहिक, आहे, आंतरिक सौंदर्याकडे लक्ष द्या. बाहेरच्या सजावटीपेक्षा सौम्य आणि शांत मनाची शोभा हवी, हे येशूचा शिष्य पेत्र याचं वचन ऐकलं की उत्तेजनार्थ बक्षीस हातात ठेवल्यासारखं वाटतं. असं वाटणं पाप आहे का?

– प्रभूमध्ये तुमची बहीण

प्रिय बहीण,

पाप नाही. शरीर उतरणीला लागल्याचं दुःख करणं पाप असतं, तर ७१ वं स्तोत्र बायबलमध्ये आलंच नसतं. म्हातारपणी मला टाकू नकोस, शक्ती सरल्यावर सोडून देऊ नकोस, असं तिथं देवाच्या तोंडावर सांगितलंय. उपदेशकाचा १२ वा अध्याय तर आणखी रोखठोक आहे. दळणाऱ्या थोड्या उरतात म्हणजे दात पडतात, खिडकीतून पाहणाऱ्या अंधुक होतात म्हणजे डोळे जातात. जिथं शास्त्र गोड बोलत नाही, तिथं महिला मंडळानं ती घाई करू नये.

म्हणून सुरुवात ७१ व्या स्तोत्रापासूनच करा. रोज दहा मिनिटं, आठवडाभर, वही घेऊन बसा. आधी तक्रार लिहा, नेमक्या शब्दांत: गळा, भांग, तो विनोद, सगळं. मग १७ व्या वचनाप्रमाणे तरुणपणापासून देवानं कुठं सांभाळलं ते एक-दोन प्रसंग लिहा. शेवटी मागणी. १८ व्या वचनातली मागणी तरुण दिसण्याची नाही. पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत मला सोडू नकोस, अशी आहे. बहुतेकजणी तक्रार गाळून थेट उपकारस्तुतीवर उडी मारतात. मग दाबलेली तक्रार दुसरीकडून बाहेर पडते, बहुधा तरुण मुलींच्या कपड्यांवरच्या शेऱ्यांतून.

आता ते वचन. पेत्राच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय अख्खा वाचा, कारण दोन वचनं सुटी काढली की ती टोचायलाच वापरली जातात. पेत्र इथं वयाबद्दल एक अक्षर काढत नाही. ज्यांचे नवरे अजून वचन मानत नाहीत अशाही बायका त्याच्यासमोर आहेत, आणि त्यांत तरुण असणारच. म्हणजे आंतरिक शोभा ही रूप गेल्यावर मिळणारी भरपाई नाही. ती विशीतल्या मुलीलाही तितकीच सांगितलेली आहे.

वेण्या, सोनं आणि कपडे यांचा उल्लेख एकाच वाक्यात आहे. ती सरसकट बंदी मानली तर कपडे घालणंही बंद करावं लागेल. त्या काळच्या श्रीमंत बायका केसांच्या गुंतागुंतीच्या वेण्या घालून त्यांत सोनं गुंफत. आपली किंमत त्यावर ठरवू नका, एवढा त्याचा रोख आहे. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातली बाई २२ व्या वचनात तलम आणि जांभळी वस्त्रं नेसते, आणि सौंदर्य टिकत नाही हे ३० व्या वचनात येतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल आहेत.

मंडळात सहसा सुटतं ते पेत्राचं सहावं वचन. तिथं तो अब्राहामाची पत्नी सारा हिचं उदाहरण देतो आणि कशालाही न घाबरता चांगलं करत राहा असं म्हणतो. माझ्या मते सगळ्या उताऱ्याची किल्ली तिथं आहे. ३१ व्या अध्यायातली ती बाईसुद्धा येणाऱ्या दिवसांकडे पाहून हसते. आणि सारा काही जन्मजात धीट नव्हती. नव्वदीच्या उंबरठ्यावर मूल होईल हे ऐकून ती आपल्या जीर्ण शरीरावर हसली, आणि विचारल्यावर घाबरून "मी हसलेच नाही" म्हणाली. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात हे स्पष्ट लिहिलंय. भित्र्या बाईला निर्भय व्हायला वेळ मिळतो, एवढं त्यातून घ्या.

सौम्यपणाबद्दलही गैरसमज नको. येशूनं स्वतःला सौम्य म्हटलं, आणि मंदिरात सराफांचे चौरंग उलथले तेही त्यानंच. अपमान गिळून हसणं म्हणजे सौम्यता नव्हे.

केसांचं सांगते. ते दर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. सहा आठवडे रंग लावू नका, म्हणजे मुळाशी दीड सेंटिमीटर पांढरं दिसेल. तसंच उपासनेला जा, मुलांचा वर्ग घ्या. जमलं तर रंग ही तुमची निव्वळ आवड आहे, खुशाल लावा. पांढरं दिसतंय म्हणून उपासना चुकवावीशी वाटली, तर मात्र तो रंग तुमच्यावर राज्य करतोय. अशा वेळी आणखी थोडे दिवस थांबणं बरं. लावायचाच तर दर वेळी आधी कानामागे थोडा लावून ४८ तास वाट पाहा. वर्षानुवर्षं सोसलेल्या रंगाचीही अचानक ॲलर्जी येते. काळ्या मेंदीतही बऱ्याचदा ॲलर्जी आणणारं तेच रसायन असतं.

केस विरळ होताहेत म्हणून तेलांवर खर्च करण्याआधी डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. इस्ट्रोजेन कमी झाल्यानं केस आणि त्वचा दोन्ही पातळ होतात, पण थायरॉइड किंवा लोहाची कमतरता असेल तर ती सुधारता येते. उन्हात जाताना चेहरा आणि गळ्याला दोन बोटांच्या लांबीइतकं एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. देह पवित्र आत्म्याचं मंदिर आहे असं म्हणायचं आणि त्याची डागडुजी टाळायची, हे काही खरं नाही. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी लगेच डॉक्टरांकडे जा. दोन आठवडे रोज मन खिन्न राहिलं, झोप उडाली, तरीही जा. प्रार्थना आणि औषध एकत्र चालतात.

तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वयस्क स्त्रियांना काम दिलंय: तरुणींना शिकवा. संडे स्कूलच्या एखाद्या मुलाची तरुण आई निवडा, दर पंधरवड्याला एक तास भेटा. पहिली चाळीस मिनिटं फक्त ऐका. सल्ला तिनं मागितल्यावरच द्या. तिनं सांगितलेलं "प्रार्थनेचा विषय" म्हणून मंडळात नेऊ नका. चहाड्यांबद्दलचा इशारा त्याच अध्यायात, त्याच वयाच्या बायकांना आहे.

राहिले यजमान. दोघंच असताना, भांडण चालू नसताना सांगा: "अहो, त्या दिवशी फोटोवरून जे बोललात ते मला लागलं. चारचौघांत माझ्या दिसण्यावर विनोद करू नका." इथंच थांबा. मागच्या वीस वर्षांची यादी काढलीत की मूळ वाक्य बुडतं. त्यांनी हसण्यावारी नेलं तर दोन दिवसांनी हेच शब्द पुन्हा. तरीही नाहीच, तर दोघं मिळून पाळक आणि पाळकबाईंशी बोला, आणि सोबत पेत्राचं सातवं वचन वाचा. पत्नीला मान दिला नाही तर नवऱ्याच्या प्रार्थनेत अडथळा येतो, असं तिथं म्हटलंय. महिला मंडळात ते क्वचितच वाचलं जातं, आणि पुरुषांच्या सभेत त्याहून क्वचित.