बायरादाची लाल वाइन इतकी तुरट का लागते, आणि ती कशाबरोबर घ्यावी?

भेट मिळालेली पोर्तुगालमधल्या बायरादाची लाल वाइन फार तुरट लागली, ती बिघडली आहे का आणि कशाबरोबर घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. ती बिघडलेली नाही. बाटलीवर बायरादा हे प्रदेशाचे नाव आणि बागा ही द्राक्षाची जात छापलेली असेल, तर पहिल्याच घोटाला कच्चे जांभूळ चावल्यासारखे तोंड आवळणे स्वाभाविक आहे. त्यातून तुम्ही ती उघडल्या उघडल्या, सोबत काही न खाता घेतलीत. (नाव वाचून गोव्याचा किनारा आठवेल, परंतु पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे केवळ लहान रसाळ फळ.)

बायरादा हा प्रदेश कोइंब्रा आणि आवेइरो या शहरांच्या दरम्यान, अटलांटिक महासागराजवळ आहे. बागाची फळे लहान, जाड सालीची आणि उशिरा पिकणारी असतात. समुद्रावरून पाऊस लवकर आला तर ती पुरेशी पिकण्याआधीच तोडावी लागतात, आणि मग आंबटपणा व तुरटपणा दोन्ही वाइनमध्ये उतरतात. तुरटपणा येतो तो प्रामुख्याने सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे पडते. घासात मांस आणि चरबी असली की हा कोरडेपणा बराच कमी जाणवतो आणि वाइनचा आंबटपणा जिभेवरचा तुपकट थर धुऊन काढतो.

कोइंब्रात शिकत असताना मला हे पटले ते मेअल्यादा या गावी. लिस्बन आणि पोर्तू यांना जोडणाऱ्या जुन्या रस्त्यावर तिथे ‘लैतांव’, म्हणजे डुकराचे कोवळे पिल्लू भाजून देणारी हॉटेले ओळीने आहेत. पिल्लाच्या पोटात लसूण, मिरी, मीठ आणि डुकराची चरबी यांचे वाटण भरून ते लांब सळईवर लाकडाच्या भट्टीत भाजतात. आमच्या टेबलावर ताट आले तेव्हा कातडी पापडासारखी मोडत होती, खालचे मांस लोण्यासारखे होते आणि कडेला संत्र्याच्या चकत्या होत्या. स्थानिक लोक याबरोबर बहुधा तिथलीच फेसाळ वाइन घेतात. मला मात्र लाल वाइनच अधिक जुळलेली वाटली.

याच भागातला दुसरा पदार्थ ‘शांफाना’ तुमच्या स्वयंपाकघराला अधिक सोयीचा आहे. शेळीचे मांस लसूण व तमालपत्र घालून, लाल वाइनमध्ये बुडवून, मातीच्या भांड्यात कित्येक तास शिजवतात. घरी मटण असेच मंद आचेवर शिजवावे, मिरची जवळजवळ टाळावी आणि तिखटपणा मिरीपुरता ठेवावा.

तिखट रस्सा मात्र नको, कारण मिरचीची आग मद्यार्काने वाढते आणि तुरटपणाही अधिक बोचतो. विंदालूच्या नावात मुळात पोर्तुगीजांची वाइन आणि लसूण असले, तरी गोव्यात त्यात व्हिनेगर आणि लाल मिरची आली, त्यामुळे तोही या वाइनशी जुळत नाही. मासळीबरोबर अशी वाइन धातूसारखी लागण्याचा संभव असतो.

जेवणाच्या दोन तास आधी वाइन रुंद भांड्यात ओतून ठेवावी. ती १६ ते १८ अंशांवर चांगली लागते, म्हणून उन्हाळ्यात वाढण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवणे इष्ट. उरली तर बूच लावून फ्रिजमध्येच ठेवा. माझ्या अनुभवात बागाची तरुण वाइन दुसऱ्या दिवशी अधिक मऊ लागते.