शब्दचर्चा: ऋण प्रबलन आणि शिक्षा

फोंड्याहून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मानसशास्त्राची उजळणी करताना 'नकारात्मक प्रबलन' आणि 'शिक्षा' इथे दर वेळी अडायला होतं. दोन्ही एकच ना? मग शब्द दोन कशाला?"

एकच नाहीत. परिणाम पाहिला तर दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट आहेत. घोळ होतो तो 'नकारात्मक'मुळे. रोजच्या बोलण्यात नकारात्मक म्हणजे वाईट, निराश. त्यामुळे 'नकारात्मक प्रबलन' वाचलं की डोळ्यांपुढे छडीच येते. 'ऋण प्रबलन' हा पर्याय मला कितीतरी बरा वाटतो. धन आणि ऋण ही गणितातली चिन्हं आहेत: धन म्हणजे काहीतरी आलं, ऋण म्हणजे काहीतरी गेलं. बऱ्यावाईटाचा इथे संबंध नाही.

आता 'प्रबलन'. सळ्या घालून मजबूत केलेल्या काँक्रीटला बांधकामात 'प्रबलित' म्हणतात, तोच हा शब्द. मानसशास्त्रात मजबूत होतं ते वर्तन. म्हणजे नावात 'प्रबलन' असेल तर ते वर्तन पुढे वाढलंच पाहिजे. 'शिक्षा' असेल तर घटलं पाहिजे. गाडी सुरू केली की सीटबेल्टचा पीं-पीं आवाज लागतो, पट्टा लावला की थांबतो. त्रास गेला म्हणून पट्टा लावण्याची सवय पक्की होते. हे ऋण प्रबलन. यात कुणी कुणाला शिक्षा केलेली नाही.

उदाहरण सोडवताना तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. कुणाचं, कुठलं वर्तन? त्यानंतर लगेच काय आलं किंवा काय गेलं? ते वर्तन पुढे वाढलं की घटलं? पहिला प्रश्न गाळल्यामुळेच बहुतेक गुण जातात. जत्रेत मूल खाज्यासाठी रडतं, आई खाजे घेऊन देते, रडणं थांबतं. मुलाच्या बाजूने पाहा: रडल्यावर खाजे मिळालं, पुढच्या जत्रेत ते जास्त रडणार. हे धन प्रबलन. आईच्या बाजूने पाहा: खाजे दिल्यावर कटकट गेली, पुढच्या वेळी ती आणखी लवकर देणार. हे ऋण प्रबलन. घटना एक, नावं दोन. 'कुणाचं वर्तन' हे न लिहिता दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'काढून घेतलं' दिसताच ऋण प्रबलन लिहिणं. रात्री उशिरापर्यंत खेळला म्हणून मोबाइल काढून घेतला आणि खेळणं कमी झालं, तर ती ऋण शिक्षा. हेल्मेट नसल्याबद्दल पैसे भरावे लागले आणि बिनहेल्मेट फिरणं घटलं, तर तीही ऋण शिक्षाच. पण तो भुर्दंड टाळण्यासाठी हेल्मेट घालणं वाढलं, तर हेल्मेट घालण्याचं ते ऋण प्रबलन.

'शिक्षा' या शब्दाचीही एक गंमत आहे. संस्कृतात तो शिकण्या-शिकवण्याचा शब्द, हिंदीतही शिक्षण याच अर्थाचा. मराठीत मात्र तो कोकणीतल्या 'ख्यास्ती'च्या, म्हणजे सजेच्या, अर्थाने रुळला. हिंदी टिपणांत याच संज्ञेला 'दंड' म्हणतात, आणि आपल्याकडे दंड म्हटलं की पैसेच आठवतात. मराठीत लिहिताना 'शिक्षा'च ठेवा.

'बक्षीस' हा 'प्रबलना'चा प्रतिशब्द म्हणून वापरू नका. बक्षीस देणाऱ्याच्या हेतूवरून ठरतं, प्रबलन परिणामावरून. वर्गात सगळ्यांसमोर केलेल्या कौतुकाने एखादा लाजरा मुलगा हात वर करायचाच थांबला, तर त्याच्यापुरती ती शिक्षा ठरते, शिक्षकांचा हेतू कितीही चांगला असो.

आणि हा गोंधळ फक्त विद्यार्थ्यांचाच आहे असं समजू नका. खुद्द या विषयातले प्रमुख अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या १९३८च्या पुस्तकात ऋण प्रबलनाचा अर्थ आजच्या शिक्षेजवळ जातो. आज शिकवतात तो अर्थ त्यांच्या १९५३च्या पुस्तकात आहे. ग्रंथालयात जुना संदर्भ हाती आला आणि व्याख्या जुळेना, तर आधी प्रकाशनाचं वर्ष पाहा.